ध्येयवजनाचा प्रश्न : दोन काटे आणि एक आयुष्य

वजन कमी करू पाहणारी व्यक्ती जो शेवटचा आकडा मनाशी धरते, त्याला या लेखात 'ध्येयवजन' म्हटले आहे. हा आकडा ठरवण्याची रूढ पद्धत सोपी आहे: उंची मोजावी, तक्त्यात तिच्यासमोरचे वजन पाहावे, आजच्या वजनातून ते वजा करावे आणि उरलेले किलो घटवायला लागावे. या वजाबाकीमागे असे गृहीत धरलेले असते की प्रत्येक उंचीचे एक योग्य वजन असते, ते कोणीतरी शास्त्रशुद्धपणे मोजून ठेवले आहे आणि माणसाकडे उरते ते केवळ तेथवर पोहोचण्याचे काम. तपासून पाहिले तर हे गृहीतक टिकत नाही. योग्य वजनाचे तक्ते ज्या प्रयोजनासाठी तयार झाले ते प्रयोजन वेगळे होते, ज्या देहांवरून ते बेतले गेले ते देह वेगळे होते, आणि ज्या माणसाला आज ध्येय ठरवायचे आहे त्याच्या देहाचा इतिहास कोणत्याही तक्त्यात नोंदलेला नाही. म्हणून ध्येयवजन तक्त्यातून वाचून काढता येत नाही. प्रयोजन, देह आणि दिनक्रम यांचा मेळ घालून ते ठरवावे लागते आणि ठरवल्यानंतरही दुरुस्तीला मोकळे ठेवावे लागते, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

या प्रश्नाच्या विचारासाठी रायगड जिल्ह्यातील रोहा तालुका हे फार बोलके उदाहरण आहे. रोह्याजवळ कुंडलिका नदीच्या काठी धाटाव येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची रासायनिक कारखान्यांची वसाहत असून, एके काळी भातशेतीवर आणि खाडीतल्या मासळीवर जगणाऱ्या घरांतली माणसे आज तेथे पाळ्यांमध्ये काम करतात. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराची कामावर लावण्यापूर्वी आणि त्यानंतर किमान दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी करणे, १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने बंधनकारक केले. या वार्षिक 'मेडिकल'मध्ये कामगार वजनकाट्यावर उभा राहतो, तेव्हा चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला बहुधा वजन उतरवण्याचाच सल्ला मिळतो. त्याच तालुक्यातल्या गावांत आणि आदिवासी वाड्यांत दुसरा एक काटा आहे, तो अंगणवाडीतला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून आलेल्या या काट्यावर मूल ठेवले की सेविकेला आकडा चढलेला हवा असतो. एका काट्याला देह उतरायला हवा आहे, दुसऱ्याला चढायला हवा आहे. हे दोन काटे दोन वेगळ्या समाजांचे आहेत असे वाटते खरे, परंतु पुढे दिसेल त्याप्रमाणे ते पुष्कळदा एकाच माणसाच्या आयुष्याची दोन टोके मोजत असतात.

आधी तक्त्यांचा इतिहास पाहिला पाहिजे, कारण त्यांचा अधिकार तेथूनच आला आहे. बेल्जियमचा खगोलवेत्ता आणि सांख्यिक अडोल्फ केटले याने १८३० च्या दशकात असे दाखवले की प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, लठ्ठपणाशी त्याला कर्तव्य नव्हते. उंचीच्या सेंटिमीटरांतून शंभर वजा करण्याचा, आजही तोंडी चालणारा ठोकताळा फ्रेंच शल्यवैद्य पॉल ब्रोका याच्या नावाने ओळखला जातो. 'आदर्श वजन' ही कल्पना घरोघरी पोहोचवली ती मात्र अमेरिकेतल्या मेट्रोपोलिटन लाइफ या विमा कंपनीने. १९४० च्या दशकाच्या आरंभी तिने आपल्या विमेदारांच्या मृत्यूंच्या नोंदींवरून, लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन अंगकाठ्यांसाठी वजनाचे तक्ते काढले आणि १९५९ मध्ये ते सुधारताना 'आदर्श' हा शब्द बदलून 'इष्ट' असा केला. पुढे १९७२ मध्ये अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केटलेच्या जुन्या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स', म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला बीएमआय, हे नाव दिले. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. कीज यांनी त्याची शिफारस केली ती लोकसमूहांचा अभ्यास करण्यासाठी. थोडक्यात, एकाला सरासरी हवी होती, दुसऱ्याला विम्याचा धोका मोजायचा होता, तिसऱ्याला समूहांची तुलना करायची होती. एका माणसाने कोठे थांबावे हा प्रश्न यांपैकी कोणाच्याही समोर नव्हता.

समूहासाठीची ही मोजपट्टी भारतीय देहाला तशीच लागू पडत नाही, हेही पुढे मान्य झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकसंख्येसाठी धोक्याची पायरी २५ ऐवजी २३ पासून धरावी असे सुचवले आणि २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीने २३ ते २४.९ हे अतिवजन आणि २५ व त्यापुढे लठ्ठपणा अशी विभागणी आली. या सीमा उपयुक्त आहेत, पण त्यांनीही ध्येयवजन मिळत नाही. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी १८.५ ते २२.९ या निरोगी समजल्या जाणाऱ्या पट्ट्याचा अर्थ सुमारे ५० ते ६२ किलो असा होतो. बारा किलोंच्या या पट्ट्यात नेमके कोठे थांबावे हे निर्देशांक सांगू शकत नाही, कारण त्याला वजन कळते, त्या वजनातले स्नायू किती आणि मेद किती हे कळत नाही.

या उणिवेचा सर्वांत परिणामकारक दाखला महाराष्ट्रातूनच जगापुढे गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे एकत्र छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरातला मेद ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्या शरीरातला २१.२ टक्के निघाला. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हा दाखला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणून प्रसिद्ध झाला. त्यामागे याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत चालवलेला मातांच्या पोषणाचा अभ्यास होता. तेथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. गावातली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरलेले होते, पण त्वचेखालचा मेद त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त अशा या ठेवणीला 'थिन-फॅट' म्हणतात; मराठीत तिला 'कृशमेदी' म्हणता येईल.

येथे धाटावचे दोन काटे एकमेकांना भेटतात. ज्या पिढीने लहानपणी अर्धपोटी दिवस पाहिले, भातलावणीत आणि मिठागरावर राबणाऱ्या आयांच्या पोटी जी कमी वजनाने जन्मली, तीच पिढी पुढे कारखान्यात कायम झाली, दुचाकीवर बसली आणि कॅन्टीनच्या थाळीवर वाढली. अंगणवाडीच्या काट्यावर जो देह कमी भरला असता, तोच देह तीस-चाळीस वर्षांनी कंपनीच्या काट्यावर जास्त भरतो आणि दोन्ही वेळा त्याची मूळ उणीव एकच असते: स्नायू कमी. अशा देहासाठी घाईने गाठलेले कमी वजन फायद्याचे ठरेलच असे नाही. केवळ उपाशी राहून उतरवलेल्या वजनात मेदाबरोबर स्नायूही जातात आणि ज्याच्याजवळ आधीच स्नायूंची शिल्लक थोडी, त्याला हा तोटा अधिक जड पडतो. काट्याला यातले काही दिसत नाही. त्याच्या लेखी पाच किलो म्हणजे पाच किलोच.

मराठी भाषेने मात्र हा भेद फार पूर्वी केलेला आहे. वाळणे, झडणे, खंगणे, रोडावणे ही वजन उतरण्याची सारी क्रियापदे आजार किंवा दुःख सुचवतात. क्षयरोग जेथे पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे तेथे विनाकारण उतरलेले वजन ही आजही डॉक्टरकडे जाण्याची खूण आहे. उलट अंग भरणे, बाळसे धरणे यांत कौतुक आहे. दोषारोप येतो तो 'पोट सुटले' या शब्दप्रयोगात, आणि तो किलोवर बोट ठेवत नाही, मेद कोठे साचला ते दाखवतो. आधुनिक वैद्यकही आता तेथेच आले आहे. पोटाच्या आत, यकृत आणि आतड्यांभोवती साचणारा मेद मधुमेह व हृदयविकार यांच्याशी अधिक घट्ट जोडलेला असल्यामुळे भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची मर्यादा धरली जाते. ब्रिटनमधील 'नाइस' या आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये याहून सोपा नियम पुढे ठेवला: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. आपल्या उंचीइतकी सुतळी दुमडून ती कमरेभोवती सैलसर पुरते का, एवढे पाहायला काटाही लागत नाही आणि तक्ताही लागत नाही.

तरीही माणसे आकडा ठरवतात, आणि तो बहुधा कसा ठरतो याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये उपचारासाठी आलेल्या साठ लठ्ठ स्त्रियांना चार वजने विचारली: स्वप्नातले, आनंद देणारे, चालण्यासारखे आणि निराश करणारे. त्यांचे मूळ ध्येय सरासरी ३२ टक्के वजन उतरवण्याचे होते. ४८ आठवड्यांनंतर त्यांचे वजन सरासरी सुमारे १६ किलोंनी उतरले, जे कोणत्याही वैद्याला समाधान देईल असे यश होते. तरी जवळजवळ निम्म्या स्त्रिया स्वतःच ठरवलेल्या 'निराश करणाऱ्या' वजनापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या. चुकीच्या ध्येयाची खरी हानी हीच आहे की ते मिळवलेल्या यशाला अपयशाचे नाव देते. मराठी घरांत स्वप्नातल्या वजनाची जागा पुष्कळदा लग्नाच्या वेळचे वजन घेते. त्या वजनाकडे परत जाण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु विशीत, घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या मुलीचे वजन हे निरोगी वजन होते की कुपोषित वजन होते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. दोन बाळंतपणांनंतर चाळिशीत तेथे परतण्याचा हट्ट म्हणजे कधीकधी जुन्या उणिवेलाच आदर्श मानणे ठरते.

प्रयोजन आधी ठरवले की आकडा कसा बदलतो हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. १६५ सेंटिमीटर उंचीच्या, ८२ किलो वजनाच्या कामगाराला तक्ता ६२ किलो दाखवील, म्हणजे वीस किलो, जवळजवळ चौथाई देह, उतरवायला सांगील. त्याची रक्तशर्करा केवळ काठावर असेल तर अमेरिकेतील २००२ च्या मधुमेह-प्रतिबंध प्रयोगातले ध्येय त्याला पुरेसे आहे: वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे शारीरिक श्रम, ज्यामुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. त्याच्यासाठी ७ टक्के म्हणजे सुमारे पावणेसहा किलो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय प्रयोगाने तर याहून विचार करायला लावणारी गोष्ट दाखवली. त्यात आहार आणि हालचाल सुधारलेल्या गटात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी उतरला, आणि वजन मात्र लक्षणीयरीत्या बदललेच नाही. याउलट त्याच कामगाराला मधुमेह नुकताच जडला असेल आणि तो माघारी फिरवायचा असेल, तर ध्येय मोठे घ्यावे लागेल. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या प्रयोगात पंधरा किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांपैकी ८६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षभरात औषधाविना आटोक्यात आला होता. आणि त्याचे दुखणे गुडघ्याचे असेल, कारखान्यातले जिने चढणे जड जात असेल, तर उतरलेल्या प्रत्येक किलोमागे पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार हलका होतो हे लक्षात घेता थोडीही घट त्याला जाणवेल. उंची तीच आणि आजचे वजनही तेच असताना प्रयोजन बदलताच ध्येयवजन बदलते.

दुसरी अट टिकाऊपणाची. वजन उतरल्यावर शरीर उगी बसत नाही. लायबेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले की वजन दहा टक्क्यांनी खाली ठेवले असता शरीराचा ऊर्जाखर्च देह लहान झाल्याच्या मानाने अपेक्षित असतो त्याहूनही कमी होतो. आणि २०११ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात भूक वाढवणाऱ्या संप्रेरकांमधला बदल वजन उतरल्यानंतर वर्षभरानेही पूर्ववत झालेला नव्हता. २०२५ मध्ये भारतीय बाजारात आलेल्या लठ्ठपणावरील इंजेक्शनांनीही हा नियम मोडलेला नाही. त्यांपैकी सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचे दिसले. यावरून ध्येयवजनाची अधिक चांगली व्याख्या करता येते: ज्या वजनावर माणूस आपल्या नेहमीच्या दिनक्रमात, सतत झगडा न करता, वर्षानुवर्षे राहू शकतो ते वजन.

'नेहमीच्या दिनक्रमात' हे शब्द धाटावसारख्या ठिकाणी फार महत्त्वाचे आहेत. एका आठवड्यात पहाटे उठून पहिली पाळी, दुसऱ्या आठवड्यात दुपारची, तिसऱ्यात रात्रपाळी, अशा फिरत्या वेळापत्रकात झोप आणि भूक दोन्हींची घडी विस्कटते, आणि पाळ्यांचे काम व वाढते वजन यांचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांनी नोंदलेला आहे. २०१८-१९ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांत जेवण उरकण्याची पद्धत आणि ऋजुता दिवेकर यांची थोडे थोडे, अनेकदा खाण्याची पद्धत यांवरून महाराष्ट्रात घराघरांत वाद रंगले. दिवसातून किती वेळा खावे यावर एवढा काथ्याकूट झाला, परंतु किती वजनावर थांबावे आणि का, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. रात्रपाळीच्या माणसाला तर दोन्ही पद्धतींपूर्वी हे ठरवावे लागते की त्याचा दिवस सुरू कोठे होतो. मोठ्या कारखान्यात कॅन्टीन ठेवण्याची कायद्यात तरतूद आहे; तेथे भाताच्या ढिगाशेजारी वालाची उसळ, अंडी किंवा मासळी किती पडते, यावर कामगाराचे ध्येय त्याच्या निश्चयाइतकेच अवलंबून राहील. पेण-रोह्याच्या स्वयंपाकात वाल, सुकट, जवळा अशी स्नायूंना लागणारी प्रथिने स्वस्तात आणि सवयीची आहेत, फक्त सुक्या मासळीतल्या मिठाकडे लक्ष हवे. ध्येय वैयक्तिक असले तरी ते पेलण्याची परिस्थिती सामूहिक असते. म्हणून केवळ आकडा हातात देऊन माणसाला एकटे सोडणारा सल्ला अपुरा असतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की ठाम आकड्यावाचून शिस्त लागत नाही आणि 'प्रयोजन पाहू, कंबर पाहू' म्हणणारा माणूस शेवटी काहीच करत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. रायगडच्या कबड्डीपटूला असा ठाम आकडा माहीत असतो: वरिष्ठ पुरुष गटाला ८५ किलोंची आणि महिलांना ७५ किलोंची मर्यादा असते आणि काट्यावर आकडा पुढे गेला की मैदान बंद. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले ते ५७ किलो गटात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीला मुकली ती ५० किलोंवर केवळ १०० ग्रॅम भरल्यामुळे. येथे आकडा निर्णायक आहे, कारण तो प्रतिस्पर्ध्याशी न्याय करण्यासाठी ठरलेला नियम आहे, आणि खेळाडूला तो स्पर्धेच्या दिवसांपुरता पाळायचा असतो. जगण्याला असा प्रतिस्पर्धी नाही आणि वजनाची सकाळ येथे रोज उजाडते. एका दिवसात पाणी, मीठ आणि जेवण यांमुळेच काट्यावर किलोभराचा फरक पडतो, म्हणून किलोच्या अंशावर हर्षखेद मानणे हे आकड्याचे बळ नव्हे, त्याचा दुरुपयोग आहे. शिस्तीसाठी आकडा जरूर ठेवावा, पण तो पायरीचा असावा, शिखराचा नसावा: पहिल्यांदा आजच्या वजनाच्या पाच ते सात टक्के, आठवड्याला साधारण अर्धा किलोच्या गतीने, तेथे काही महिने मुक्काम, मग कंबर, रक्तशर्करा, रक्तदाब, जिना चढतानाचा दम आणि झोप यांचा आढावा, आणि त्यानंतरच पुढची पायरी घ्यायची की तेथेच थांबायचे याचा निर्णय. गर्भवती स्त्री, वाढत्या वयाचे मूल, स्नायू झपाट्याने गमावणारी वृद्ध व्यक्ती आणि औषधांवर असलेला मधुमेही यांनी तर हा निर्णय वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊच नये.

ही पद्धत नवी नाही. ती अंगणवाडीत आधीपासून आहे. तेथे मुलाच्या वाढीचा तक्ता असतो, त्यावर दर महिन्याला वजनाचा ठिपका पडतो आणि ठिपके जोडून रेषा तयार होते. सेविका पट्टाही पाहते, पण त्याहून अधिक ती रेषेची दिशा पाहते: चढते आहे, आडवी झाली आहे की खाली वळते आहे. केवळ वजनावर न थांबता ती दंडाचा घेर मोजते, आणि तो साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर मूल तीव्र कुपोषित समजून त्याला पुढे पाठवते. म्हणजे देहात स्नायू आणि मेद किती उरले हे विचारणारी फीत तिच्या हाती असते. मुलाची तुलना तेथे त्याच्याच मागच्या महिन्याशी होते. कारखान्याच्या दवाखान्यात मात्र प्रौढाचा एकच ठिपका एका तक्त्याशेजारी ठेवून त्याला निकाल सांगितला जातो. वार्षिक तपासण्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे जपलेल्या असताना त्यांतले ठिपके जोडायला, शेजारी कमरेचा घेर लिहायला आणि त्या रेषेवरून कामगाराशी बोलायला फारसा खर्च येत नाही. ज्या देहाची रेषा अंगणवाडीत सुरू झाली, तिचाच पुढचा भाग कंपनीच्या दवाखान्यात काढला जातो आहे असे मानले, तर ध्येयवजन म्हणजे त्या रेषेवर पुढच्या वर्षी पडावासा वाटणारा ठिपका एवढेच उरते, आणि तो कोठे पडावा हे आधीचे ठिपके पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.